गरम बटण कुणाचं?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात तीन दिवस मासळीचा वास येत होता.

आमच्याकडे मासे शिजत नाहीत. (नवरा बाहेर खातो, हे सासूबाईंना माहीत नाही. त्या इथे येऊन वाचत नाहीत म्हणून लिहायचं धाडस करतेय. जे नातेवाईक वाचतात त्यांनी कृपया गप्प बसावं. :) ) पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "वरचे लोक सुकट भाजतायत वाटतं." दुसऱ्या दिवशी मीही तेच म्हणाले आणि खिडक्या लावून घेतल्या. वरचे लोक जैन आहेत, हे आम्हा दोघींच्या लक्षात यायला तिसरा दिवस उजाडावा लागला.

तोपर्यंत लेक दोनदा सांगून गेली होती. "आई, गीझरचं बटण बघ ना, कसलं गरम लागतंय." मी काय उत्तर दिलं असेल? "गीझर पाणी गरम करतो, मग बटण गरम होणारच. चल, दप्तर भर." बीएस्सी झालेल्या बाईचं हे उत्तर! आता लिहितानाही कानशिलं तापतायत.

चौथ्या दिवशी शनिवार होता. नवरा कामासाठी बंगळूरला, लेक अजून झोपलेली, सासूबाई आंघोळीला गेलेल्या. मी ओट्यापाशी होते. फोडणीत पाण्याचा थेंब पडावा तसा चर्र आवाज आला. गॅसकडे बघितलं तर तो बंद. पुन्हा चर्र. पॅसेजमध्ये आले, तर बाथरूमच्या दारालगतच्या बोर्डातून उदबत्तीच्या धुराएवढी बारीक रेघ वर चालली होती. धावत जाऊन बटण बंद करायला गेले, तर ते बंदच होईना. वरचं प्लास्टिक हललं, आत काहीतरी चिकटून बसलेलं होतं. बोटाला चटका बसला आणि गीझरचा लाल दिवा तसाच चालू. दाराच्या पलीकडे सासूबाई, कडी लावून. त्यांना बाहेर यायचं तर ह्याच बोर्डाला घासून यावं लागणार.

मेन स्विच बंद करायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो कुठे असतो? आम्ही त्या घरात चार वर्षं राहत होतो आणि मला पाच-सहा सेकंद आठवेना. मग आठवलं. मुख्य दाराच्या वर एमसीबीची पेटी आहे, आणि तिच्यावर मीच हौसेने कालनिर्णय टांगलंय, कारण तिथे आयता खिळा होता. खुर्ची ओढली, कालनिर्णय भिरकावलं, होते नव्हते ते सगळे खटके खाली पाडले. आतून आवाज आला, "अगं, लाइट का घालवलीस? माझ्या डोक्याला शिकेकाई आहे!"

धुराची रेघ हळूहळू मंदावली. मी दारापाशी बादली घेऊन उभी होते. ही दुसरी चूक. विजेच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं, निदान मेन बंद झाल्याची खात्री असल्याशिवाय तर नाहीच. आधी मेन, मग माणसं बाहेर, मग १०१, हा क्रम मला शाळेपासून तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात हातात आली ती बादली. असो.

वायरमन दुपारी आला. चार स्क्रू काढून बोर्डाची सनमायकाची पट्टी उचलली, तर मागची लाकडी पेटी शेगडीसारखी काळी. तो काहीच बोलला नाही, फक्त बटण हातात देऊन म्हणाला, "वाचा." मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ६ अँपिअर. "ताई, सहाच्या बटणावर गीझर कुणी घातला?"

कुणी घातला? आम्ही राहायला आलो तेव्हा गीझर तिथे होता. घरमालकांनी बसवलेला नव्हता, आमच्या आधीच्या भाडेकरूंनी बसवून मागे सोडलेला होता, आणि "गीझर आहे बरं का" म्हणून दलालाने आम्हाला तो गुण म्हणून दाखवला होता. ज्या बोर्डावर तो जोडला, तो मुळात बाथरूमच्या दिव्यासाठी होता. त्या बोर्डापर्यंत आलेली वायर इमारतीच्या जन्माची, म्हणजे १९८४ सालची, ॲल्युमिनियमची. तिला पुढे तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली आणि वर चिकटपट्टी. भाड्याच्या घराच्या भिंतीवर जसे एकावर एक रंगाचे थर असतात ना, तसे आत वायरिंगचे थर असतात. एका कुटुंबाने पंख्याचा पॉइंट वाढवला, दुसऱ्याने वॉशिंग मशीनचा, तिसऱ्याने गीझर. जो तो अकरा महिन्यांच्या हिशोबाने काम करून गेला.

ज्या काळात हे घर बांधलं तेव्हा त्यात काय चालायचं? तीन ट्यूबलाइट, दोन पंखे, मिक्सर, इस्त्री. आज त्याच भिंतींतून आपण २००० वॅटचा गीझर, तितक्याच ताकदीची इंडक्शनची शेगडी, दीड हजाराची किटली आणि वर एसी चालवतो.

आता थोडं गणित, कारण हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर वीज ओढतो. सहाच्या बटणाला हे जास्तच, पण ते लगेच जळत नाही. रोज थोडं थोडं तापतं आणि निवतं. तापलं की धातू प्रसरण पावतो, निवला की आकसतो, आणि ह्या खेळात वायर धरून ठेवणारा स्क्रू सैल होत जातो. ॲल्युमिनियम असेल तर आणखी लवकर, शिवाय त्यावर ऑक्साइडचा थर चढतो तो वेगळाच. सैल जोडात रोध वाढतो. समजा तो फक्त अर्धा ओहम झाला. ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ३८ वॅट. जुना पिवळा ४० वॅटचा बल्ब चालू असताना त्याला कधी हात लावलाय? तेवढी उष्णता काडेपेटीएवढ्या बटणाच्या आत, मागे वाळलेलं लाकूड. तो मासळीचा वास तापलेल्या प्लास्टिकचा होता. काही प्रकारचं प्लास्टिक जळायच्या आधी अगदी तसाच वास सोडतं.

मग एमसीबी का नाही पडला? हा प्रश्न मी वायरमनला जरा तावातावानेच विचारला. तो हसला. एमसीबीला फक्त वीज प्रमाणाबाहेर वाहिली की कळतं. इथे वाहत होती ती ८.७ च, उलट सैल जोडामुळे किंचित कमीच. शॉर्टसर्किट झालं असतं, म्हणजे फेज थेट न्यूट्रलला चिकटली असती, तर शेकडो अँपिअर धावले असते आणि एमसीबी क्षणात पडला असता. ईएलसीबी (आमच्याकडे नव्हतंच) जीव वाचवतं, पण ते वीज जमिनीकडे गळू लागली तर. सैल स्क्रूचं त्यालाही काही पडलेलं नसतं. म्हणजे ह्या आजाराचं घरात एकच यंत्र होतं, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं बोट. त्याला मी दप्तर भरायला पाठवलं.

पेपरात आपण वाचतो, 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज'. आग विजेमुळे लागली की तिचं नाव शॉर्टसर्किट, चौकशी संपली. मला ह्या शब्दाचा आता राग यायला लागलाय. त्यात असं वाटतं की काहीतरी अचानक झालं, वीज कोसळल्यासारखं, कुणाचा काही दोष नाही. आमच्या घरात काहीही अचानक झालं नव्हतं. ते बटण कित्येक महिने रोज सकाळी सांगत असणार.

संध्याकाळी घरमालक काकांना फोन केला. काका सज्जन आहेत, दिवाळीला फराळ पाठवतात. म्हणाले, "अगं, आम्ही वीस वर्षं राहिलो तिथे, कधी काही झालं नाही. तुम्ही गीझर किती वेळ चालू ठेवता?" मग म्हणाले, करारात आहे ना, किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करायची. मी म्हणाले, "काका, बटण किरकोळ आहे, पण आतली वायर?" त्यावर, "बघू."

फोन ठेवला आणि मी धुमसत बसले. नवऱ्याचं म्हणणं, आपण एक पैसा घालायचा नाही, भिंत त्यांची, वायर त्यांची. मला पटत होतं आणि तरी बटणाशिवायची काळी पेटी समोर दिसत होती. शेवटी वायरमनला सांगितलं, करून टाका. थेट एमसीबीपासून अडीचची तांब्याची वेगळी वायर, सोळाचं बटण, सोळाचं सॉकेट, नीट अर्थिंग. बिल झालं ४२०० रुपये. घर मिळवून दिल्याबद्दल दलालाला आपण एका महिन्याचं भाडं निमूट मोजतो, पण दुसऱ्याच्या भिंतीत चार हजार घालताना जीव खालीवर होतो. माझाही झालाच. काकांना बिलाचा फोटो पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

चिडून कायदा शोधत बसले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये कलम १४ आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर घर दुरुस्त ठेवणं घरमालकाचं काम. नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांच्या वाजवी मुदतीत त्याने केलं नाही तर भाडेकरूने करावं आणि भाड्यातून वळतं करून घ्यावं, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या मर्यादेत. वाचून मला स्फुरण चढलं. मग लक्षात आलं की आम्ही भाडेकरू नाहीच! आपण सगळे 'लिव्ह अँड लायसन्स'वाले, म्हणजे कायद्याच्या भाषेत लायसन्सी. आमचं जे काय आहे ते करारात लिहिलेलं, आणि करार दलालाने कॉपी-पेस्ट केलेला.

त्याहून गंमत केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात. तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. पण त्याच्या शेवटी कुणी कुठली दुरुस्ती करायची ह्याची सरळ यादी आहे. घराचं वायरिंग घरमालकाकडे. बटणं, सॉकेट, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. वाचायला किती न्याय्य वाटतं! पण माझ्या हातातल्या त्या जळक्या बटणात बघा, वायर जिथे बटणात शिरते तिथला पितळेचा स्क्रूच काळा पडलाय. अलीकडे काका, पलीकडे मी, आणि आग बरोबर मधल्या स्क्रूवर.

हे सगळं मी मनातल्या मनात काकांना सुनावत होते, पोळ्या लाटताना. आणि मध्येच नाशिक आठवलं.

नाशिकला बाबांनी १९९६ मध्ये घेतलेला फ्लॅट आहे. बाबा गेल्यावर तो माझ्या नावावर झाला. तीन वर्षं एक जोडपं तिथे भाड्याने राहतंय, दीड वर्षाचं बाळ आहे. म्हणजे मीही कुणाची तरी घरमालकीण आहे. आणि दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, त्या मुलाचा फोन आला होता: "ताई, बेडरूममधला एसीचा पॉइंट गरम होतोय, पिन काळी पडलीय." मी ऑफिसात होते, गडबडीत होते. मी म्हणाले होते, "एसी तुमचाच आहे ना? मग तुमच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा की." आवाज गोडच ठेवला होता. नंतर त्याचा फोन आला नाही आणि मी समजून चालले की मिटलं.

पुढच्या शनिवारी एसटीने नाशिकला गेले. फोन करून गेले होते, तरी घरमालकीण अचानक का येतेय म्हणून ती दोघं घाबरलेली. चहा झाला. मी म्हणाले, जरा तो पॉइंट बघू. बेडरूममध्ये गेलो. तो पॉइंट त्यांनी वापरायचाच सोडला होता, वर जाड चिकटपट्टी. दाखवलं कुणाला? त्यांच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं होतं की भिंतीतली वायर बदलावी लागेल, मालकाला विचारा. मालकाला, म्हणजे मला, ते एकदा विचारून चुकले होते.

मग एसी कशावर चालवला? हॉलमधून पांढरी एक्स्टेंशन निघाली होती. दाराच्या फटीतून आत, चटईखालून, पलंगाखाली उरलेल्या वायरचं वेटोळं, आणि शेवटचं टोक बाळाच्या पाळण्यामागे. सोळाची जाड पिन त्यात बसत नाही म्हणून बाजारात मिळतो तो जोड लावलेला. दोन उन्हाळे एसी ह्यावर चालला. आता हिवाळा, नाशिकची थंडी, घरात लहान मूल, म्हणून त्याच एक्स्टेंशनवर २००० वॅटचा रूम हीटर. माझ्या गीझरएवढाच. मी वाकून पिनेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटई उचलली तर तिच्या मागच्या बाजूला वायरच्या रेषेत पिवळट पट्टा उमटलेला.

ती मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "सॉरी हं ताई. भिंतीला फक्त चिकटपट्टी लावलीय, खिळे नाही मारले. रंग निघाला तर डिपॉझिटमधून..."

मला पुढे ऐकवलं नाही. तिच्या पाळण्यामागे जे चाललं होतं त्याला कारण मी, आणि माफी ती मागत होती. भिंतीच्या रंगाची.

त्याच दुपारी इलेक्ट्रिशियन बोलावला. एसीसाठी चारची वेगळी वायर, नवा पॉइंट, आणि ईएलसीबी पण बसवून घेतलं. रात्री आठपर्यंत काम चाललं, मी तिथेच थांबले. पैसे मी दिले हे सांगण्यासारखं नाही, ते माझेच होते द्यायला, दोन वर्षं उशिरा.

परत येताना एसटीत विचार करत होते. आपण मालक म्हणून दोन भाडेकरूंच्या मधल्या रिकाम्या पंधरवड्यात काय करतो? रंगारी बोलावतो. तो बिचारा बटणांच्या कडेवरून ब्रश फिरवून जातो, कधी कधी स्क्रूदेखील रंगवून बुजवतो. वायरमन कुणी बोलावत नाही, कारण त्याने केलेलं काम दिसत नाही आणि भाडं वाढत नाही. आणि भाडेकरू म्हणून घर बघायला जातो तेव्हा? पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, देवघर कुठल्या दिशेला. मी आजवर सहा भाड्याची घरं बघितली, एकातही मेन स्विच कुठंय विचारलं नाही. रिकाम्या घरात एक वायरमन अर्धा दिवस फिरवून प्रत्येक बोर्ड उघडून स्क्रू आवळून घ्यायला दोन हजार रुपयेसुद्धा लागू नयेत. हे मालकाचंच काम आहे असं माझं आता ठाम मत आहे, करारात काहीही लिहिलेलं असो. कारण भिंतीच्या आत काय आहे हे विचारायचा हक्क भाडेकरूला वाटतच नाही. तो चिकटपट्टी लावतो.

आणि बटण हाताला गरम लागलं, तर ते कुणाचं ह्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही. बंद करायचं, वापरायचं नाही, उघडून घ्यायचं, भांडण नंतर. मी आता काकांशी भांडतेय ते नव्या बटणाचं गरम पाणी अंगावर घेऊन भांडतेय, हे बरं आहे.

(आत्या, तू हे वाचणार हे मला माहितीय. तुझ्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे जो एक मल्टिप्लग आहे, ज्यावर फ्रिज, मिक्सर आणि किटली असे तिघं लोंबकळतात, त्याला किटली चालू असताना पाठीमागून हात लाव. थोडं कोमट असेल तर समजू शकते. हात ठेववत नसेल, किंवा प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर मला फोन करू नकोस, वायरमनला कर. किटली तोवर गॅसवरच्या पातेल्याला सुट्टी देणार नाही.)

नाशिकहून आल्यावर काकांना फोन केला. ४२०० रुपयांचं काही बोलले नाही. नाशिकला काय बघितलं ते सांगितलं, एसीचा पॉइंट, हीटर, पाळणा, मी दोन वर्षांपूर्वी फोनवर काय म्हणाले होते तेसुद्धा. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याच बिल्डिंगमध्ये माझा तळमजल्यावर पण एक ब्लॉक आहे. तिथलं वायरिंग तेव्हाचंच. दोन मुली राहतात, कॉलेजच्या." पुन्हा गप्प. "तुमच्या त्या वायरमनचा नंबर पाठव."

पाठवला. तो तिथे दोन दिवस काम करून गेला, मी जिन्यातून जाता-येता बघितलं. आमचे ४२०० अजून आलेले नाहीत.

कालनिर्णय आता फ्रिजच्या बाजूला लावलंय. तिथून तिथी दिसत नाही, अशी सासूबाईंची रोजची तक्रार आहे.